हवेचा तिसरा भाग

काझार्क, १७ मे २०१८

प्रिय ओदिल,

तुझं कार्ड पोचलं. तुझ्या छोट्या एलोईचा फोटो आईने फ्रीजवर लावलाय आणि येईल त्याला ओढत नेऊन दाखवते. परवा गॅस सिलिंडरवालाही सुटला नाही. तिचा गुडघा बरा आहे. जिना नीट चढते, आणि वर पोचल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं कण्हते. माझ्याकडे कामाची रांग आहे. मार्चमधल्या वाऱ्याने अर्ध्या खोऱ्याची कौलं उडवली, त्यामुळे मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या छपरावर असतो.

कार्डाच्या शेवटी तू बारीक अक्षरात विचारलंयस, "पाण्याखालच्या गुहेत शिरायला शिकतोयस म्हणे. एकेचाळिसाव्या वर्षी वेड लागलं का?" आईने सांगितलंच शेवटी. मग आता नीट ऐक.

गेल्या उन्हाळ्यात शिक्षक शोधायला लागलो. आपल्या भागात झऱ्यांच्या तोंडाशी जेवढ्या गुहा, जवळजवळ तेवढेच शिक्षक. पहिल्याला फोन केला तर म्हणाला, "चार दिवस या, पाचव्या दिवशी प्रमाणपत्र हातात. मित्राला आणलंत तर दोघांना सूट." मी विचारलं, "आणि नाही जमलं तर?" तो हसला. "माझ्याकडे सगळ्यांना जमतं!" दुसऱ्याकडे प्रत्यक्ष गेलो. देखणा माणूस, भिंतभर स्वतःचेच फोटो. किती खोल गेलो, किती आत गेलो, तासभर सांगत होता. मला त्याने एकच प्रश्न विचारला, टी-शर्टचं माप कोणतं.

तिसरं नाव तुझ्या ओळखीचं आहे. लाबोरीबाई. हो, त्याच, पिवळ्या गाडीतून पत्रं वाटायच्या त्या सोलांज लाबोरी! तीस वर्षं आपल्या दारात येत होत्या आणि सुट्टीच्या दिवशी त्या डोंगराच्या पोटात पोहत असतात हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. आता चौसष्ट वर्षांच्या आहेत. गुहेत कोणी अडकलं की बचाव पथकाचा पहिला फोन त्यांना जातो. त्याबद्दल त्या बोलत नाहीत. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "ज्यांना मी बाहेर काढलं त्यांच्यापैकी बहुतेकांचे दिवे माझ्यापेक्षा महाग होते."

त्यांनाही मी तोच प्रश्न विचारला, नाही जमलं तर? म्हणाल्या, "गेल्या वर्षी नऊ जण आले, प्रमाणपत्र पाच जणांना दिलं. उरलेल्या चौघांपैकी दोघं पुन्हा शिकायला येतात. दोघं अजून रागावलेत. जिवंत आहेत म्हणून रागावलेत." मग म्हणाल्या, "आता मी विचारते. तुला का शिकायचंय?"

मी म्हणालो, लहानपणापासून कुतूहल आहे.

"बरं," त्या म्हणाल्या. विश्वास बसला नव्हता हे मला फोनवरही कळलं.

सप्टेंबरमध्ये सुरुवात झाली. दोनपेक्षा जास्त विद्यार्थी त्या घेत नाहीत. दुसरी होती फिजाकची एक औषधवाली, मागाली. पहिले दोन दिवस गुहा लांबच, आम्ही नदीत नुसते तरंगत होतो. तळाच्या गाळावर वीतभर उंचीवर, आडवं, हलायचं नाही. माझ्या पायातलं फिन जरा खाली लागलं की गाळाचा ढग उठायचा आणि बाई माझा पाय धरून ओढायच्या. काठावर आल्यावर म्हणायच्या, "छपरावर असाच पाय टाकतोस का रे? मग गिऱ्हाइकाची कौलं शाबूत कशी राहतात?" मी वीस वर्षं समुद्रात डायव्हिंग करतोय, ओदिल. स्वतःला मोठा पाणबुड्या समजत होतो. दोन दिवसांत तो सगळा माज उतरला, आणि गंमत म्हणजे वाईट वाटलं नाही. इतक्या नीट कोणी शिकवतंय याचंच अप्रूप वाटत होतं. प्रत्येक गोष्ट त्या आधी स्वतः करून दाखवतात, मग तुमच्याकडून दहा वेळा करून घेतात, आणि अकराव्यांदा तुम्ही चुकलात तर रागावत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून घेतात.

हवेचा हिशेब त्यांनी स्वयंपाकघरात शिकवला. टेबलावर ब्रेड ठेवला आणि सुरीने तीन सारखे तुकडे केले. "हा आत जायला. हा बाहेर यायला. आणि हा?"

मी म्हणालो, "अडचणीला."

"कोणाच्या अडचणीला?"

मागाली म्हणाली, "जोडीदाराच्या."

"बरोबर. त्याची हवा संपली तर त्याला बाहेर काढायला. हा तिसरा तुकडा तुझा नाहीच, मार्सियाल. तू तो फक्त वाहून नेतोस." मग त्यांनी त्यावर चीज ठेवलं आणि तो मागालीला दिला. आम्ही सगळे हसलो. मी मात्र माझा तुकडा तसाच टेबलावर ठेवला.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या अक्रोडाच्या बागेत गेलो. झाडाझाडांना गुंडाळत त्यांनी पांढरी दोरी बांधली होती. गुहेत अशीच दोरी दारापासून आत नेतात. गाळ उठला, दिवा गेला, काही दिसेना, तरी दोरी हाताने चाचपत बाहेर येता आलं पाहिजे. आमच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. एका हातात दोरी, दुसऱ्या हाताने जोडीदाराचा दंड धरायचा, बोलायचं नाही. शेजारचा म्हातारा कुंपणावर रेलून ओरडत होता, "सोलांज, लग्न लावतेयस का दोघांचं?" मी हसतच निघालो. चौथ्या-पाचव्या झाडाशी बाईंनी मुद्दाम मागालीला अडकवलं, दोरीत पाय गुंतवला. मला कळलंही नाही. मी भराभरा शेवटच्या झाडाशी पोचलो आणि पट्टी काढली. मागाली तीस पावलं मागे, गवतात बसलेली. माझा हात रिकामा.

बाई जवळ आल्या. कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "ही पहिली वेळ नाही ना?"

ओदिल, इथवर मी तुला बाईंचं कौतुक सांगितलं, ते खरंच आहे. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही.

२०१६ चा ऑक्टोबर आठव. तुला सातवा महिना होता. तुम्ही दोघं नवराबायको आमच्याकडे आठवडाभर राहायला आला होतात. शनिवारी मी आणि यानिक नदीवर गेलो आणि जेवणाला उशिरा आलो. तू बदकाचा रस्सा दोनदा गरम केलास आणि आम्हाला शिव्या घातल्यास. यानिक म्हणाला, कान दुखतोय. त्यानंतर तो पाण्यात उतरलाच नाही, सगळं सामान विकून टाकलं, आणि तू त्याला अजून "नाजूक कानांचा" म्हणून चिडवतेस.

त्याच्या कानाला काही झालं नव्हतं. आम्ही नदीवर गेलोच नव्हतो. फोंग्रीजच्या झऱ्यात गेलो होतो, आणि ती कल्पना माझी होती. शिक्षण नाही, दोरी नाही, दोघांत दोन दिवे. "वीस मीटर आत जाऊ, दाराचा उजेड दिसत राहील." वीस मीटरवर वळलो तर आमच्याच पायांनी उठवलेला गाळ मागे भरला होता. दार नाही, उजेड नाही, स्वतःचा हातही दिसेना. यानिकने माझा हात धरला. घट्ट. मी तो झटकला.

हे वाक्य लिहायला मला दीड वर्ष लागलं.

मी कुठून कसा बाहेर आलो ते आठवत नाही. तो माझ्यानंतर सहा मिनिटांनी आला. सिलिंडरमध्ये जवळजवळ काही उरलं नव्हतं. त्या सहा मिनिटांत मी दगडावर बसून होतो, ओदिल. माझ्याकडे हवा होती आणि मी आत गेलो नाही. आणि तो वर आला तेव्हा मी त्याला म्हणालो, "कुठे होतास? मी तुलाच शोधत होतो."

तुला वाटलं, आम्ही घराच्या वाटणीवरून भांडलो. बाप्तिस्म्याला मी आलो नाही, छपराचं काम निघालं असं कळवलं. काम नव्हतं. एलोईला हातात घेऊन यानिकसमोर उभं राहायची हिंमत नव्हती.

अक्रोडाखाली हे सगळं मी बाईंना सांगितलं. मला वाटलं, घरी पाठवतील. त्यांनी बराच वेळ दोरी गुंडाळली. मग म्हणाल्या, "घाबरून हात सुटतो. तो न सुटायला मी शिकवू शकते, माझं कामच ते आहे. खोटं बोललास त्याचं मी काही करू शकत नाही. ते त्याच्याकडे जाऊन निस्तर. तोवर तुला आत नेणार नाही."

मला सात महिने लागले. एप्रिलमध्ये यानिकला फोन केला, ब्रीवच्या स्टेशनसमोर भेटलो. तुला त्याने कामासाठी जातो असं सांगितलं असेल, त्याचा दोषही मलाच दे. मी सगळं बोललो. तो कॉफी ढवळत राहिला. मग म्हणाला, "हात झटकलास त्याचा मला राग नाही. मीही काहीही केलं असतं तिथे. पण शोधत होतो म्हणालास ना, त्याचा आहे. मला माहीत होतं, तुझे केस सुकायला लागले होते."

मी विचारलं, "ओदिलला का नाही सांगितलंस?"

"तुझी बहीण आहे ती. तिला भाऊ एकच आहे. तू सांग."

उठताना त्याने मला मिठी मारली नाही. पण माझं जॅकेट खुर्चीवर राहिलं होतं, ते घेऊन रस्त्यापर्यंत माझ्या मागे आला.

मी परत आल्यावर बाईंनी पहिल्यापासून सुरू केलं. नदी, ब्रेड, अक्रोडाची झाडं, आणि जोडीला पुन्हा मागालीच. गेल्या गुरुवारी पहिल्यांदा गुहेत नेलं. साठ मीटर आत त्यांनी आमच्या मास्कवर काळी कापडं चढवली आणि मागालीची हवा संपल्याची खूण आमच्या दंडांवर थापटून केली. मी तिला माझ्या सिलिंडरची नळी दिली आणि तिचा दंड धरला. एका हाताने दोरी, एका हाताने ती. मध्ये ती अडकली. मी थांबलो. भीती वाटली, खूप वाटली. ती सुटेपर्यंत थांबलो, मग निघालो. आमच्या मागोमाग बाई वर आल्या, खडकावर बसून त्यांनी घड्याळ बघितलं. म्हणाल्या, "सावकाश आलात. छान." प्रमाणपत्र दिलं नाही. जूनमध्ये पुन्हा ये म्हणाल्या. मी जाणार आहे, आणि त्यांनी आणखी वर्षभर दिलं नाही तरी जात राहीन. एवढी सरळ बाई मी आयुष्यात पाहिली नाही.

आता यानिकला कानावरून चिडवू नकोस. त्याने तुझ्यासाठी माझी लाज दीड वर्ष झाकली. त्याच्यावर रागावू नकोस. जे काय म्हणायचं ते मला म्हण. लिमोजला येऊन ऐकून घ्यायची माझी तयारी आहे. तू बोलावलंस तरच येईन. बोलावलं नाहीस तर तेही बरोबरच आहे. फक्त यापुढे माझ्याकडून तुला जे काही कळेल, ते खरं असेल.

तुझ्या नवऱ्याचा अपराधी आणि तुझा भाऊ,
मार्सियाल