वीस वर्षं टिकणारा कठडा

ती. सुमिए मावशीस तेत्सुओचा वाकून नमस्कार.

पर्सिमनची फळं पिकली, समुद्रावरचा वारा बोचू लागला. तुमचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे ठणठणीत, फक्त माझी झोप उडाली आहे.

त्याचं असं झालं, की आमच्या प्रयोगशाळेत एक पेटी आहे. तिच्यात धातूच्या पट्ट्या लावून हजार तास खाऱ्या पाण्याचा फवारा मारला की किनाऱ्यावरची वीस वर्षं झाली, असं आमचे कुरिमोतो साहेब मानतात. (पेटीत ऊन नाही, वारा नाही, पक्ष्यांची घाण नाही. साहेबही कधी किनाऱ्यावर फिरकत नाहीत, त्यामुळे दोघांचं छान जमतं.) नव्या जस्ताच्या मुलाम्याच्या पट्ट्या पेटीतून चकचकीत बाहेर आल्या. तरी खात्रीसाठी तशाच बारा पट्ट्या तुमच्या अंगणात, समुद्राकडे तोंड करून, तीन वर्षं ठेवल्या. त्याही चकचकीत! साहेबांनी हर्षभरित होऊन अहवाल लिहिला, खाली मी माझा सहीचा शिक्का उमटवला, आणि तुमच्या गावाने त्सुनामीच्या वेळी टेकडीवर चढायच्या पायऱ्यांना त्याच मुलाम्याचा कठडा बसवला.

गेल्या महिन्यात मी तुमच्याकडे मुक्कामाला होतो. सकाळी तुम्ही दारापुढचा रस्ता झाडलात, मग बादली आणलीत आणि एकेक पट्टी गोड्या पाण्याने धुऊन फडक्याने पुसलीत. मी न्याहारी अर्धवट टाकून बाहेर आलो. "रोज पुसता?" म्हटलं, तर माझ्यावरच डाफरलात, "मग काय! प्रयोगशाळेची वस्तू माझ्या अंगणात, आणि तिच्यावर मीठ? शेजारीण काय म्हणेल? तीन वर्षांत एक दिवस चुकवला नाही हो!"

म्हणजे तीन वर्षं आम्ही तुमच्या फडक्याची परीक्षा घेत होतो. पायऱ्यांचा कठडा मात्र कोणीच पुसत नाही. परतताना नखाने खरवडून पाहिला, तर गंजाचे लाल पापुद्रे हातात आले. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "पेटी चुकत नाही. तिथली हवाच चुकली असेल."

तुमचा भाचा,
तेत्सुओ

ता. क. दहा तारखेला नगरपालिकेची माणसं कठडा तपासायला येणार आहेत. साहेबांचा निरोप असा, की मावशींचा हात इतका चांगला आहे, तर आदल्या दिवशी त्यांनी तेवढा कठडाही घासूनपुसून काढावा. सोबत त्यांनी पॉलिश पेपर, फडकी आणि मिठाईचा डबा पाठवला आहे.

ता. क. २. मिठाई खा. फडकी घरात वापरा, कठड्याला एकही लावू नका. शेजारणीला काय म्हणायचं ते म्हणू दे. दहा तारखेला मी येतोय. शिक्का माझा होता हे मीच सांगेन. आणि रविवारी टेकडी चढायच्या सरावाला जाल, तेव्हा गुडघा कितीही दुखला तरी त्या कठड्यावर भार टाकू नका. एवढं भाकीत मी पेटीला न विचारता केलं आहे.