काळ्या मातीतले चोवीस गुलाब

४ मे १९७८, सकाळी ७
अंगण मोजलं. वीस फूट बाय बारा. चोवीस गुलाब बसतात. डिसेंबरच्या प्रदर्शनात नाव दिलं, ऑफिसात सांगूनही टाकलं. सगळ्यांनी फायलीत डोकं घातलं. जळतात.

६ मे
सासरे पुंजाजी नामपूरहून आले. आल्या आल्या अंगणात उकिडवे बसले, ढेकूळ भिजवलं, तळहातावर वळून त्याची वळी केली, वर वास घेतला. शी. मग म्हणाले, "ही माटी पानी धरी ठेवस. गुलाबन्या मुळ्या सडतीन." वांगी लावा, मोरीपाशी अळू लावा, असा सल्ला. बायको सगुणा मान डोलावत होती. जन्मभर कांदा केलेला माणूस. मी शास्त्रीय पद्धतीनं जाणार.

११ मे
मासिकात वाचून माती-परीक्षा. बरणीत माती, पाणी, हलवून ठेवली. वाळू लगेच खाली बसते, चिकणमाती तरंगत राहते.

१४ मे
पाणी अजून गढूळ. सगुणा झाडताना धक्का देत असणार. निष्कर्ष : उत्तम पोयटा, म्हणजे भुसभुशीत, गुलाबाला हवी तशीच माती. बरणीला घाण वास येतो. लोणचं कशात घालू, असं सगुणानं दोनदा विचारलं. क्षुल्लक प्रश्न.

२ जून
चोवीस खड्डे, चोवीस कलमं. शेजारचे मोतीराम, रेल्वेतून रिटायर झालेले, कुंपणावरून म्हणाले की वाळू मिसळा, वाफे उंच करा. त्यांना पोयटा समजावून सांगितला. ते आत निघून गेले.

१९ जुलै
आठ दिवस पाऊस. प्रत्येक खड्ड्याचं डबकं. चपलेला शेरभर चिखल, सोडता सुटत नाही. दोनदा घसरलो. तांब्यानं पाणी उपसलं, तांब्यात बेडूक. किळस आली.

२८ जुलै
पानं पिवळी. नर्सरीवाल्यानं फसवलं. कडक पत्र लिहिलं. दुप्पट खत घातलं.

९ ऑगस्ट
एक कलम उपटून पाहिलं. मुळं काळी, बुळबुळीत, सडक्या अंड्याचा वास. जेवलो नाही. तेवीस शिल्लक आहेत. काळजीचं कारण नाही.

३ सप्टेंबर
एक शिल्लक. त्यालाही कलमाखालच्या जंगली खुंटाचे फुटवे आलेत, असं मोतीराम म्हणतात. सगुणा चार दिवस बोलली नव्हती. आज बोलली, "अंगण तुमच्या एकट्याचं नाही. मी बाबांना पत्र टाकलंय."
मला न विचारता.

१० सप्टेंबर
पुंजाजी आले. गुलाबांबद्दल अवाक्षर नाही. ते जास्त लागलं. पाण्याला चर काढला, मोतीरामांकडची वाळू मिसळली, उंच वरंबे ओढले. सगुणा पदर खोचून पाट्या वाहत होती. बापलेक कशावरून तरी हसत होते. या घरात तिला असं हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.
मी देखरेख केली. मग पुंजाजींनी माझ्या हातात फावडं दिलं. एक वरंबा ओढला. मी पाणी प्यायला वळलो तेवढ्यात त्यांनी तो मोडून सरळ केला. न पाहिल्यासारखं केलं.
पुढेमागे इथे गुलाब होतील का, असं सहज विचारलं.
"व्हतीन," ते म्हणाले. "पन पोरले लावू द्या." पोर म्हणजे सगुणा.

११ सप्टेंबर
सगुणानं वांग्याची रोपं लावली. मला काम मिळालंय. ती सांगेल तेव्हा नळ सोडायचा. ती सांगेल तेव्हा बंद करायचा. आज एकदा उशिरा बंद केला.