दर पानावर तीन चुका

८ सप्टें., सोम. मेडनहेड, इंग्लंड.
नातीची, इराची, नवी शाळा सुरू होऊन आठवडा झाला. इयर सेव्हन, म्हणजे आपली सहावी. शाळा निवडली मीच. सून शिल्पा म्हणत होती, जवळची घेऊ, हिच्या मैत्रिणी तिथे आहेत. मी म्हटलं, मैत्रिणी रविवारी भेटतील.
आज अभ्यासक्रम नीट वाचला. प्रोजेक्ट नाहीत, चित्रं चिकटवणं नाही. इतिहास मेसोपोटेमियापासून, क्रमाने. लॅटिन. आठवड्याला एक कविता पाठ. दर सत्राला प्रत्येक विषयाची एक शीट, मुख्य माहिती एका पानावर, ती तोंडपाठ हवी. प्रत्येक तासाची सुरुवात मागच्या तासावरच्या प्रश्नांनी. नागपुरात एकतीस वर्षं शिकवताना मी हेच केलं, तेव्हा मला जुनाट म्हणत.

१७ सप्टें., बुध.
रोजचा गृहपाठ एकच. शीट झाकायची, आठवेल ते काळ्या पेनाने लिहायचं, मग उघडून चुका हिरव्याने दुरुस्त करायच्या. एक पूर्ण पान. खाली घरच्यांची सही. मुलगा निखिल ब्रॅकनेलच्या ऑफिसातून सातला येतो, शिल्पाही उशिरा. म्हणून सही माझी. उत्तम पद्धत. स्वतःची चूक स्वतःला दिसली पाहिजे.
इरा जेवताना गप्प. "कॉरिडॉरमध्ये बोलायचं नसतं, आजी. मला सवय झाला."

२ ऑक्टो., गुरु.
सही करताना एकेक पान बघत होते. आज सगळी वही एकदम चाळली. प्रत्येक पानावर बरोबर तीन हिरव्या दुरुस्त्या. दोन नाहीत, चार नाहीत. एका ओळीत युफ्रेटिसच्या जागी टायग्रिस, पुढच्याच ओळीत बरोबर. जन्मभर पेपर तपासले. विसरलेल्या मुलाची चूक अशी नसते.
इराच्या खोलीत गेले. शीट उघडी.
"चुका नसला तर मिस म्हणतात, कॉपी केलं."
"मग झाकून लिही की."
"झाकला की सगळं जातं, आजी. सगळं."
सहीच्या जागी लिहिलं, पान बघून उतरवलेलं आहे, चुका बनवलेल्या आहेत. इंग्रजीत, सुवाच्य. खाली सही.

३ ऑक्टो., शुक्र.
शाळेचा शिल्पाला ऑफिसात फोन. अप्रामाणिकपणा. आठवडाभर मधल्या सुट्टीत वेगळ्या खोलीत एकटीने बसायचं. सगळ्या शाळेसमोर कविता म्हणायला तिची निवड झाली होती, ती रद्द.
निवडीचं तिने घरात कोणालाच सांगितलं नव्हतं.
शिल्पा: "आई, मला सांगायचंत. शाळेला कशाला?"
म्हटलं, शिक्षकाला खरं कळायला हवं.
"तुम्हाला रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, आई."
कविता तिला पाठ होती. म्हणजे मोठ्याने म्हटलं की तिच्या लक्षात राहतं. हे मला, मला कालच कळायला हवं होतं.

१० ऑक्टो., शुक्र.
इरा माझ्याशी बोलत नाही. आता झाकून लिहिते. पान जवळजवळ सगळं हिरवं. सहीसाठी शिल्पाची वाट बघत बसते.
म्हटलं, शीट मोठ्याने म्हण, मी प्रश्न विचारते. नुसती मान हलवली. नाही.

१९ ऑक्टो., रवि.
कौन्सिलचा ईमेल; इथे शाळांचे प्रवेश तेच देतात. इराचं नाव प्रतीक्षायादीत होतं, त्या जवळच्या शाळेत एक जागा रिकामी. शुक्रवारपर्यंत कळवा.
निखिलने तिला विचारलं, तुला काय वाटतं?
"आजीला विचार. तिला आवडतो तो स्कूल." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं.
"बोल ना, आई," निखिल म्हणाला. एरवी माझ्याकडे मत नसतं असं होत नाही.

२३ ऑक्टो., गुरु.
उद्या कळवायचं. दिवसभर भुरभुर. गुडघे दुखतात.
संध्याकाळी इरा वही घेऊन माझ्याकडे आली. तीन आठवड्यांनी. पूर्ण पान काळं. ओळ न ओळ बरोबर. हिरवं कुठेच नाही.
"झाकून?" तोंडातून गेलंच.
तिने पेन माझ्यापुढे धरलं. मग म्हणाली, "सही कर, आजी."
त्याआधी मी स्वयंपाकघरात होते. तिच्या खोलीतून पाठ म्हटल्यासारखं पुटपुटणं ऐकू आलं होतं. कुकर चालू होता, नक्की सांगता येत नाही.
निखिल खालून विचारतोय, "आई, काय कळवू?"
तिची वही पुढ्यात उघडी. ती दारात उभी आहे. पेन माझ्या हातात आहे, आणि मी या डायरीतच लिहीत बसले आहे.