वर सुंदर, खाली मासा

२ सप्टेंबर
सुक्या मासळीच्या वखारीची पाटी लिहायचं काम फांगला मिळालं. मला नाही. पाटीवर एकच अक्षर: 'श्यांग', म्हणजे चिरून सुकवलेला मासा. अख्ख्या बंदरात ते धड लिहिणारा मी एकटा. मालक ल्यांगने मला शब्द दिला होता. पण फांगने त्याला गोष्ट ऐकवली. म्हणे एका राजाने सुका मासा चाखला, खूश झाला आणि 'मासा' या अक्षराच्या डोक्यावर 'सुंदर' बसवलं. ल्यांग विरघळला. शाळेत असल्यापासून फांग माझ्या ताटातलं पळवतो आहे.
सूड घेणार. शांतपणे.

६ सप्टेंबर
जुने कोश काढले. वरचा भाग 'सुंदर' नाहीच. 'पोसणे' या अक्षराचा तुकडा, नुसता उच्चारापुरता. राजाबिजा सगळी थाप. बायकोला, छाइफंगला, सांगितलं. म्हणाली, पण गोष्ट गोड आहे हो. घरातच फितुरी.

१० सप्टेंबर
आरशासमोर भाषणाची तालीम. शेवटी मंद हसायचं आहे. हसू अजून जमत नाही.

१५ सप्टेंबर, दुपारी
मासेमारीची बंदी उद्या उठणार. संध्याकाळी ल्यांगकडे खलाशांचं जेवण. फांगही येणार. चारचौघांत नाक कापतो त्याचं.

१६ सप्टेंबर, सकाळी
भाषण उत्तम. निदान सुरुवात. फांगने राजाची गोष्ट काढताच मी उठलो. म्हटलं, तुमचा फांग मास्तर अक्षर पालथं वाचतो, हे असं. आणि ताटातला अख्खा वाफवलेला मासा चॉपस्टिकने उलटा केला. सगळे गप्प. वाटलं, पटलं. मग ल्यांगची आई रडायला लागली.
दर्यावर जाणाऱ्याच्या ताटात मासा उलटवला की होडी उलटते, हे मला काय ठाऊक नाही? जन्म इथेच गेला. पण विद्येच्या भरात विसरलो.
सगळ्या होड्या गेल्या. ल्यांगची तेवढी धक्क्याला, म्हातारी सोडेना.

१९ सप्टेंबर
फांगने म्हातारीची समजूत घातली, लाल कागदावर शुभ अक्षरं लिहून होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, चिकटवली. होडी निघाली. ढोंगी मेला. मी धक्क्यावर एका खलाशाला 'पोसणे' समजावत होतो. मधेच त्याने विचारलं, काका, तो मासा तुम्हीच उलटवलात ना?

२५ सप्टेंबर
ल्यांगची होडी भरून आली. श्रेय फांगला. घरोघरी मासळी वाटली, आमच्याकडेही. छाइफंगने वाफवली आणि स्वतःपुढे ओढून घेतली. माझ्यापुढे टोफू ठेवला. म्हणाली, हा हवा तितका उलटा करा.