कवेलू फेरायचे राहिले

सौरव,

छतावर पत्रे टाकायला टिनवाला दहा वाजता येईल, त्याला परत पाठव. मी कामठीला गेलो आहे. तिथे एक जुनं घर पाडत आहेत, त्याच्या छपराचे चाळीस कवेलू मिळतील.

"काकाजी, पंचवीस वर्षं पाहाचं काम नाही," म्हणाला तो टिनवाला. पण आपल्या उन्हात स्क्रूखालचं रबर चार उन्हाळ्यांत तडकतं, मग वादळ पत्रा उचलतं. शेजारच्या बबनरावांचा पत्रा मागच्या जूनमध्ये आपल्याच अंगणात पडला होता. आपले कवेलू तुझ्या जन्माआधीचे आहेत.

छत आता संपलं, असं मी तुला म्हटलं ते खोटं होतं. दर उन्हाळ्यात कवेलू उतरवून, झाडून, फुटके बदलून पुन्हा रचावे लागतात. मी वर असायचो, तुझी आई खालून एकेक हातात द्यायची आणि ओरडायची, "अवो, एका कवेलूले किती वेळ लावता?" ती गेल्यावर यंदा मी एकटाच शिडी लावून चढलो. सवयीने हात खाली केला. मग उतरून आलो ते आलोच.

म्हणून परवा तुझ्या खोलीत गळलं. चहा ठेवला आहे, गरम करून घे.

रविवारी तुला सुट्टी असेल, तर खाली उभा राहशील का?

बाबा