पाच मिनिटांत आमचा फोन येईल

सोमवार, ३ मार्च

शंभरातले दोन! शंभर माणसं मोबाइलवर जाहिरात बघतात, टिचकी मारतात, माझ्या पानावर येतात — आणि नाव नोंदवतात दोन. बाकीची आली तशी परत. आणि खापर कुणाच्या डोक्यावर? माझ्या!

क्लिकरावांनी आज मीटिंगमध्ये भिंतभर आलेख लावला. (क्लिकराव म्हणजे आमचा जाहिरातवाला. नाव मी ठेवलंय, त्याला पत्ता नाही.) म्हणतो, "मी माणूस दारापर्यंत आणून सोडतो. आत घ्यायचं काम पानाचं." पानाचं म्हणजे माझं. मजकूर माझा, फॉर्म माझा, बटणावरची दोन अक्षरंसुद्धा माझी.

साहेब काय म्हणाले? काही नाही! मूग गिळून बसले, नेहमीसारखे. मीटिंग संपल्यावर चार खुर्च्या पलीकडून मेसेज टाकला — 'पान बदला.' अहो, चार खुर्च्या! हाक मारली असती तर जीभ झिजली असती का?

काम आहे बाईंचं. अडखळत बोलणाऱ्या मोठ्या माणसांचा वर्ग घेतात त्या. ज्या संस्थेची खोली त्यांच्याकडे आहे, तिनं सांगून टाकलंय — महिनाअखेर नवा वर्ग भरला नाही तर खोली दुसऱ्याला. दुसरा टपून बसलेलाच आहे. बाईंनी फोनवर आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग माझी माणसं बोलायला कुठं जाणार हो?"

हे वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

मंगळवार, ४ मार्च

आज दीड तास चर्चा बटणाच्या रंगावर. "लाल रंगाला माणूस बिचकतो," इति क्लिकराव. मग हिरवं करा. मग हिरवं पण कुठलं हिरवं? पोपटी की गडद? नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

साहेबांनी मान हलवली. झालं, हिरवं.

घरी येऊन भांडी जरा जोरात घासली. नवरा आतून म्हणाला, "बटणाचा राग पातेल्यावर का?" मी म्हटलं, पातेलं उलट उत्तर देत नाही म्हणून. पुसायचं फडकं घेऊन आला. शहाणा आहे.

गुरुवार, ६ मार्च

हिरवं झालं. शंभरातले दोन.

शुक्रवार, ७ मार्च

आज मात्र हद्द झाली.

क्लिकरावांची नवी जाहिरात — 'सात दिवसांत अडखळणं गायब!' मोठ्या पिवळ्या अक्षरांत! आणि माझ्या पानावर पहिलीच ओळ बाईंची — 'हे काम हळू चालतं. आम्हाला घाई नाही.' म्हणजे बाहेर जादूगाराची पाटी आणि आत गेलं की शाळा. माणूस पळणार नाही तर काय करील? वर म्हणतो, पानावर उलटं धावणारं घड्याळ लाव आणि लिही, 'फक्त तीन जागा शिल्लक.' तीन? अरे, सगळ्या रिकाम्या आहेत!

मी ओरडले. हो, ओरडले. "ही माणसं आधीच जगाच्या घाईनं बेजार आहेत आणि तू त्यांना घड्याळ दाखवतोस?" सगळं ऑफिस बघायला लागलं. साहेब काचेच्या खोलीतून बाहेर आले. म्हणाले, "ही जा..." आणि थांबले. "जाहिरात आपण सोमवारी बघू, असंच ना?" मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खांदे पाडले आणि आत गेले.

हे त्यांचं नेहमीचं. वाक्य सुरू करायचं आणि सोडून द्यायचं. पूर्ण करायचं काम माझं. त्याचा पगार वेगळा मिळत नाही!

संध्याकाळी बघते तर जाहिरात गायब. सात दिवस कशाला, सात तासही टिकली नाही. क्लिकराव तणतणत आला, "माझ्या कामात हात घालायचा नाही!" मी हात घातलेलाच नव्हता. कुणी काढली कुणास ठाऊक.

मंगळवार, ११ मार्च

आज कुणाला न विचारता उठले आणि बाईंच्या वर्गावर गेले. इतके दिवस उंटावरून शेळ्या हाकत होते सगळे, मीही त्यातलीच.

दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. भिंतीला ओल. खुर्च्या गोलात मांडलेल्या, एकीचा पाय आखूड, त्याखाली पुठ्ठा. बाई साठीच्या असतील. आवाज मऊ पण नजर शिक्षिकेची. वर्गाचा एकच नियम आहे — कुणाचं वाक्य पूर्ण करायचं नाही. कितीही वेळ लागो.

आणि मी काय केलं? एक शिंपी बोलत होता, "मी का... का..." आणि मी मदत म्हणून म्हटलं, "कापड?" खोलीतलं सगळं एकदम थांबलं. बाई म्हणाल्या, "त्याचं वाक्य त्याला परत द्या." एवढी वर्षं शब्द विकून पोट भरते, पण असं ओशाळं कधी वाटलं नव्हतं. शिंपी मात्र हसला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कापड नव्हतंच ते! "मी काल माझ्या सासऱ्यांशी भांडलो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरी त्यांची पद्धत अशी. नवा वर्ग सुरू झाला की पहिल्या दिवशी प्रत्येकानं उभं राहून एक शब्द म्हणायचा — आजवर सगळ्यात जास्त टाळलेला. बाई सांगत होत्या, "माझी माणसं फार चतुर असतात हो. जो शब्द अडतो त्याच्या जागी झटकन दुसरा ठेवतात. तुम्हाला कळणारही नाही." एका बाईंचे केस कायम आखूड. का? तर पार्लरमध्ये 'थोडेच' म्हणता येत नाही, 'कापा' म्हणता येतं! दुसऱ्या एका गृहस्थाला स्वतःच्या मुलीचं नाव घेता येत नाही. बायकोनं हौसेनं ठेवलं, यानं भिडेपोटी हो म्हटलं. पोरगी कॉलेजात जाते, अजून बापासाठी 'बाळ' आहे. ती चिडते, बाबा मला लहान समजतात म्हणून.

निघताना शिंप्याला विचारलं, तुम्ही आमच्या पानावरून आलात का? नाही म्हणाला. पान पाहिलं होतं, फॉर्मही भरला होता. मग आमच्या ऑफिसातून फोन आला. तो बोलायला गेला, पहिलाच शब्द अडला, आणि पलीकडून आमची फोनवाली पोरगी — "हॅलो? हॅलो? आवाज येत नाहीये!" कट. परत फोन. परत कट. शेवटी पत्ता बघून आपला चालत आला बिचारा.

जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले. रागानं!

फोन नंबर टाकल्याशिवाय माझा फॉर्म पुढं सरकत नाही. आणि त्याखाली ठळक अक्षरांत — 'पाच मिनिटांत आमचा फोन येईल!' ज्या माणसांना जगात सगळ्यात जास्त धास्ती फोनची, त्यांना आम्ही दारातच फोनची धमकी देतोय! बटण लाल की हिरवं म्हणे! आणि हे वाक्य कुणाचं? माझंच. उद्गारचिन्हासकट. लिहिलं तेव्हा काय खूश होते मी!

बुधवार, १२ मार्च

सकाळी सकाळी मीटिंग मागितली. फोन नंबर काढायचा, म्हटलं. त्या जागी एवढंच — 'निरोप कुठं लिहून पाठवू?' आणि बटणाच्या वर — 'आम्ही फोन करणार नाही.'

क्लिकरावाला घामच फुटला. "नंबर नाही तर ते गिऱ्हाईक नाही, वारा आहे वारा! आजवर कुठल्या पानावर पाहिलंय असं?" फोन करणाऱ्या पोरींची मुख्य आहे ती वेगळीच फुगली. "मग आमच्या मुलींनी काय माशा मारायच्या?"

मी शिंप्याची गोष्ट सांगितली. सांगताना आवाज चढला. साहेब टेबलाकडे बघत होते. पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. मला वाटलं, आता नेहमीसारखं मौनव्रत आणि मागाहून मेसेज.

"करा," म्हणाले.

एकच शब्द. पण तोंडानं!

शुक्रवार, १४ मार्च

नवं पान लागलं. दर पंधरा मिनिटांनी आकडे बघत होते. नवरा म्हणाला, "दूध उतू जायची वाट बघतेस का?"

गुरुवार, २० मार्च

शंभरातले अकरा!! अकरा!!

आणि लिहितात किती! खाली मनातलं लिहायला जागा दिली दोन ओळींची, माणसं पानभर लिहितायत. एकानं लिहिलंय, 'फोन करणार नाही हे वाचून दहा मिनिटं नुसता बसून राहिलो.' वाचताना माझे डोळे भरून आले. ऑफिसात! क्लिकरावासमोर!

शुक्रवार, २१ मार्च

रागानं पेन कागदात रुततंय. अक्षर बघा.

बाईंना खोली देणाऱ्या संस्थेची माणसं आज ऑफिसात आली होती. चहा, खुर्च्या, पडदा. आणि क्लिकराव उभा राहून सांगतो, "आम्ही जाहिरातीतला फोटो बदलला, माइक धरलेली हसरी बाई टाकली, आणि आकडे बघा!" फोटो! आयत्या बिळावर नागोबा! मी साहेबांकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पाण्याचा ग्लास उचलला. पाणी प्यायले! कॅन्टीनमध्ये चहासुद्धा दुसऱ्याच्या कपाकडे बोट दाखवून मागणारा माणूस, तो माझी बाजू काय घेणार?

पाहुणे गेल्यावर मी काचेच्या खोलीत शिरले. दारही लावलं नाही. ऐकू दे सगळ्यांना!

"सहा वर्षं झाली मला इथं," म्हटलं. "सहा वर्षांत तुम्ही माझं नाव एकदा तरी घेतलंत? क्लिक... त्याला नावानं हाक मारता, शिपायाला नावानं हाक मारता. मी मात्र लेखिकाबाई! लेखिकाबाई इकडे या, लेखिकाबाई हे बघा. चेष्टा करता की काय माझी? मला नाव आहे. आईबापांनी ठेवलेलं आहे. एवढं जड जातं का ते तोंडाला?"

ते उभे राहिले. मान लाल झाली होती. एक हात टेबलावर घट्ट. ओठ हलले, पण आवाज नाही. मी वाटसुद्धा बघितली नाही. "राहू दे," म्हटलं, "मेसेज करा." आणि निघून आले.

आणि खरंच मेसेज आला! 'तुमचं बरोबर आहे.' टाइप करून!

राजीनामा लिहायला घेतलाय. पहिल्या ओळीपाशी अडलेय.

सोमवार, २४ मार्च

ऑफिसात सगळ्यांना साहेबांचा लेखी निरोप गेला — फोन नंबर काढण्याची कल्पना कुणाची, वर्गावर कोण गेलं, पान कुणी लिहिलं, सगळं. संस्थेलाही तोच गेला. क्लिकराव दिवसभर माझ्या टेबलाच्या वाटेनं फिरकला नाही.

पण निरोपातही नाव नाही असं थोडंच! तिथं आहे. अख्खं, आडनावासकट. लिहिता येतं की मग! बोलायला काय होतं?

राग कमी झालेला नाही. राजीनामा मात्र उशीखाली ठेवलाय.

शुक्रवार, २८ मार्च

वर्ग भरला! बाईंचा फोन आला. त्यांनाही बोलता येईना, पण त्यांचं कारण वेगळं. खोली राहिली. पुठ्ठा लावलेली खुर्चीसुद्धा कमी पडणार म्हणाल्या. "पहिल्या दिवशी तुम्ही यायचंच. मागं बसा, पण या. आणि नियम लक्षात आहे ना?"

आहे म्हटलं. वाक्य पूर्ण करायचं नाही.

नवरा ऐकत होता. म्हणाला, "हा नियम घरी कधीपासून लागू?"

मंगळवार, १ एप्रिल

वर्गाचा पहिला दिवस. मी मागं, भिंतीला टेकून.

टाळलेला शब्द म्हणायची पाळी फिरत फिरत पुठ्ठा लावलेल्या खुर्चीपाशी आली आणि साहेब उभे राहिले.

पाठमोरे होते, मी ओळखलेच नव्हते. वळून त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं. पहिलं अक्षर आलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मान लाल. खुर्चीच्या पाठीवर हात घट्ट. मला पहिल्याच अक्षराला कळलं होतं आणि माझे ओठ आपोआप उघडले होते, मी ते दाबून धरले. कुणी हललं नाही.

मग आलं. सगळं आलं.

माझं नाव एवढं मोठं आहे, मला माहीत नव्हतं.