काउंटेसची मरणोत्तर कॉफी

३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी मीरियाचा फोन. मीरिया आमच्या गावचं ग्रंथालय चालवते, म्हणजे पुस्तकांवर शिक्के मारते. आजची बातमी मात्र तिच्या वकुबाबाहेरची होती: 'नऊ पावलांची गोम' हा जुना भयपट सापडला. एका फिल्म-संग्रहालयाला कुठल्याशा गोदामात प्रत मिळाली, ती त्यांनी धुऊनपुसून नवी केली. शनिवारी २६ तारखेला दुपारी चारला ग्रंथालयाच्या सभागृहात खेळ. दिग्दर्शक गास्पारे त्रेविझानी स्वतः येणार. वय एक्क्याण्णव. प्रास्ताविक मी करायचं.

पन्नास वर्षं हे गाव मला हसलं. आता बघू.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रास्ताविकाचा मसुदा सुरू.

'नोव्हेंबर १९७२. आपलं आउरोरा थिएटर, जिथे आज फरशा विकतात. मी अठरा वर्षांचा. पडद्यावर काचघरात काउंटेसचा गळा आवळला जातो. काळे हातमोजे, रेशमी दोरी, आणि कॅमेरा चवताळलेल्या म्हशीसारखा तिच्या बुबुळात घुसतो. मित्रहो, पुढच्याच प्रसंगात तीच काउंटेस दिवाणखान्यात येते, खुर्ची ओढते आणि कॉफी मागते. दोन चमचे साखर. कोणी दचकत नाही. कॉफी पिऊन ती भाच्याला मृत्युपत्रातून काढून टाकते. आणि त्यानंतर थेट तिची अंत्ययात्रा.'

हे लिहिताना आजही काटा आला. श्रीमंत वर्ग मेला आहे, पण कॉफी सोडत नाही. हे सांगायला तत्त्ववेत्त्यांना तीन-तीन खंड लागले. त्रेविझानीने एका जोडणीत सांगितलं, आणि तेही पोटासाठी वर्षाला चार चित्रपट काढत, पोस्टरवर 'ग्रेगरी स्टोनहिल' असं अमेरिकी नाव लावून, कारण आम्हा इटालियनांना आपल्याच देशाच्या माणसाची भीती वाटत नाही.

यावर माझा ग्रंथ आहे, 'मेलेल्यांची कॉफी', पृष्ठे २१२. प्रती गॅरेजमध्ये आहेत. गठ्ठ्यांवर डिर्चेने टोमॅटोच्या बरण्या मांडल्या आहेत. बायकोला ग्रंथाची उंची कळते, पण फक्त बरण्यांपुरती.

संकल्प: भाषण चाळीस मिनिटं. एक मिनिट जास्त नाही. कोणावर टीका नाही.

७ नोव्हेंबर, सोमवार

भाषण सत्तर मिनिटं झालं आहे आणि अजून मी समीक्षकांवरच आहे. दोष माझा नाही, समीक्षकांच्या संख्येचा आहे. या मंडळींना पडद्यावर भुकेलं मूल आणि पावसात भिजलेला कामगार दिसला की कला दिसते. रबरी वटवाघूळ दिसलं की नाक मुरडतात. अरे, ते वटवाघूळ लटकवणाऱ्याने दोरी लपवली नाही, कारण तो तुमच्यासारखा ढोंगी नव्हता. ज्याच्याकडे तीन दिवे, दोन आठवडे आणि एक भाड्याची हवेली होती, त्याने हिरव्या काचेतून प्रकाश टाकून असा जिना रंगवला की माणसाला स्वतःच्या घरचा जिना उतरायची भीती वाटावी. आजच्या भयपटात भूत येण्याआधी मोठा आवाज करतात. दार आपटलं तर मीही दचकतो. त्याला कला म्हणत नाहीत, वारा म्हणतात.

संध्याकाळी बारमध्ये एर्मेस भेटला. हा आउरोराचा जुना प्रोजेक्टरवाला, वय ब्याऐंशी, आता पूर्णवेळ पत्ते. पान टाकता टाकता म्हणाला, प्रोफेसर, त्या गोमेबद्दल तुम्हाला एक सांगायचंय. बरीच वर्षं राहिलंय.

मी म्हटलं, एर्मेस, ज्याने दिवा लावला त्याने सूर्यावर बोलू नये.

बार हसला. एर्मेसही हसला. म्हणाला, बरं, पुढच्या वेळी. टाका पान.

१० नोव्हेंबर, गुरुवार

संग्रहालयाने मीरियाकडे प्रसंगांची यादी पाठवली. काउंटेस कॉफी पिते: एक्केचाळिसावं मिनिट. काउंटेसचा खून: चौऱ्याहत्तरावं मिनिट.

तीनदा वाचली.

त्यांनी दुरुस्ती केली आहे. कारकुनांच्या हाती एक प्रतिभावंत लागला आणि त्यांनी त्याचा भांग पाडला. कॉफी आधी, खून नंतर. व्वा. यांच्या हाती मोनालिसा दिली तर तिला नीट हसायला लावतील.

डिर्चेला सांगितलं. ती भोपळ्याचं सारण भरून तोर्तेल्ली वळत होती. म्हणाली, लेआर्को, त्यांच्याकडे फिल्म आहे आणि तुझ्याकडे आठवण आहे.

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणाली, म्हणजे काही नाही. तो चमचा दे.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

संग्रहालयाला पत्र. नऊ पानं. सभ्य भाषा. 'गाढव' हा शब्द एकदाच, तोही लॅटिनमध्ये.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

उत्तर आलं. दोन ओळी. म्हणे, पाचही डब्यांवर दिग्दर्शकाच्या हस्ताक्षरात क्रमांक आहेत आणि त्याच क्रमाने चित्रपट जोडला आहे.

क्रमांक. ज्याला अर्थ कळत नाही तो मोजायला लागतो.

जुन्या एका फ्रेंच चित्रपटकोशातही या सिनेमाच्या कथासारात काउंटेस खुनानंतर मेलेलीच राहते. त्याची वासलात मी ग्रंथाच्या दुसऱ्याच प्रकरणात लावली आहे: फ्रान्सला गेलेली प्रत वितरकांनी बिघडवलेली होती. स्पेनची प्रतही. जर्मनीचीही. संपूर्ण युरोपात अस्सल प्रत एकाच गावाने पाहिली, आणि त्या गावात फक्त मी शुद्धीवर होतो.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

दाट धुकं. एर्मेस घरी आला, पिशवीत चेस्टनट घेऊन. खुर्चीत बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि सुरू झाला: प्रोफेसर, त्या काळी प्रत एकच यायची. आम्हाला आणि नदीपलीकडच्या थिएटरला मिळून. त्यांच्याकडे पहिला पिझ्झा लागला की अर्ध्या तासाने आमच्याकडे. मोपेडवरून पूल ओलांडून एकेक पिझ्झा यायचा...

(हे लोक फिल्मच्या डब्याला पिझ्झा म्हणतात. कलेचा आदर यांच्याकडून शिकावा.)

मी त्याला थांबवलं. म्हटलं, एर्मेस, मायकेलअँजेलोच्या घुमटाखाली उभं राहून तू मला विटा कुठून आल्या ते सांगतो आहेस.

म्हणाला, विटाच उलट्या लागल्या असतील तर?

मी हसलो. भाषणाचं अठ्ठेचाळिसावं पान हातात घेतलं, म्हणजे त्याला जायचं कळावं. तो स्वयंपाकघरात गेला. तिथे डिर्चेने त्याला कॉफी दिली. अर्धा तास दोघं हसत होती. कशाला, असं विचारलं. डिर्चे म्हणाली, तुझं चालू दे.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

निर्णय झाला. चाळीस मिनिटांचा संकल्प रद्द; तो शांततेच्या काळातला होता. शनिवारी गावासमोर आणि खुद्द उस्ताद त्रेविझानीसमोर मी संग्रहालयाचं पितळ उघडं पाडणार. आधी भाषण, मग उस्तादाला एकच प्रश्न: काउंटेस मेल्यावर कॉफी पिते की नाही? तो 'पिते' म्हणेल. मग चित्रपट. लोक चुकीची प्रत बघतील आणि प्रत्येक मिनिटाला त्यांना लाज वाटेल.

मीरिया म्हणाली, प्रोफेसर, पाहुण्याला स्टेजवर असं धरू नका, म्हातारा माणूस आहे.

मी म्हटलं, सत्य म्हातारं होत नाही.

म्हणाली, पण त्याला साडेसातची गाडी आहे.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

गॅरेजमध्ये तालीम. घसा बसला. मधाचं पाणी.

डिर्चे दारात येऊन म्हणाली, मीरियाकडे त्याचा नंबर आहे. आधी फोन करून विचार ना. खाजगीत. नसेलच तसं काही, तर निदान गावासमोर नको.

मी म्हटलं, गॅलिलिओने फोन केला होता का?

म्हणाली, त्याने दुर्बिणीतून बघितलं होतं.

ही बाई पन्नास वर्षं माझ्या सहवासात राहून इतकं वरवरचं कसं बोलू शकते, हा एक स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

२६ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी ९

कोट इस्त्री केलेला. लाल टाय. आवाज परत आला. 'मेलेल्यांची कॉफी'च्या तीस प्रती बरण्यांखालून काढून गाडीत ठेवल्या, मागणी होईल. उस्ताद प्रत मागेल. मी आश्चर्य दाखवीन.

त्याच दिवशी, संध्याकाळी ८

नंतर लिहितो.

२७ नोव्हेंबर, रविवार

लिहितो.

सभागृह भरलेलं होतं. मी पंचावन्न मिनिटं बोललो, आणि चांगला बोललो. हे कोणी नाकारू शकणार नाही. कारकुनांवर आलो तेव्हा मागच्या रांगेतही खोकला थांबला. मग मी उस्तादाकडे वळलो. बुटका माणूस, पायात लोकरीचे मोजे, हातात मीरियाने दिलेला सॉसेजचा पाव. मी विचारलं, उस्ताद, या सभेसमोर सांगा. काउंटेस मरते, आणि त्यानंतर येऊन कॉफी पिते. होय की नाही?

त्याने घास गिळला. म्हणाला, कुठली काउंटेस?

मी सांगितली. काचघर, रेशमी दोरी.

म्हणाला, ती जर्मन बाई. फार छान बाई, माझ्याकडून पोहायला शिकली. हो, मारली तिला. पण मेल्यावर कॉफी कशी पिईल, प्रोफेसर? मेली ना ती.

सभागृहात कोणीतरी हसलं. मी म्हटलं, उस्ताद, तुम्ही काळ तोडलात.

म्हणाला, छे हो. काळच नव्हता. तेरा दिवसांत संपवला सिनेमा.

आता बरेच जण हसले. मी अजून उभा होतो. वक्त्याने अशा वेळी पाणी प्यावं. मी पाणी प्यायलो. आणि तेवढ्यात चौथ्या रांगेत एर्मेस उठला, टोपी हातात घेऊन. म्हणाला, माएस्त्रो, चूक माझी आहे. त्या संध्याकाळी असंच धुकं होतं. मोपेडवाला तिसऱ्या खेपेला निघाला आणि पुलाच्या आधीच बांधावरून उतरला, थेट ओल्या शेतात. तिसरा पिझ्झा चिखलात. तिकडच्यांनी त्याची वाट न बघता चौथा दुसऱ्याच्या हाती पाठवला. पब्लिक खुर्च्या आपटायला लागलं होतं. मी चौथा लावून टाकला. तेवढ्यात तिसरा आला, पुसला आणि तो नंतर लावला. वाटलं, असल्या सिनेमात कोणाला कळतंय.

त्रेविझानी हातातला पाव खाली ठेवून उठला. म्हणजे, तो म्हणाला, तिला आधी मारली आणि मग कॉफी पाजली?

एर्मेस म्हणाला, आणि मग पुरली.

उस्ताद रांगेतून वाट काढत गेला आणि एर्मेसच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. म्हणाला, मला हे का नाही सुचलं.

टाळ्या. उभं राहून. माझ्या पंचावन्न मिनिटांना अशा पडल्या नव्हत्या.

मग चित्रपट झाला. एक्केचाळिसाव्या मिनिटाला काउंटेसने कॉफी घेतली. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला ती मेली आणि मेलेलीच राहिली. खून कोण करणार ते अर्ध्यातच कळतं: भाचा, मृत्युपत्रामुळे. सरळ, बिनडोक, नीट. माझ्याशेजारी मीरिया म्हणाली, बरा आहे की.

साडेसातच्या गाडीला उस्तादाला एर्मेसने सोडलं. माझा ग्रंथ कोणी मागितला नाही. तीस प्रती परत गॅरेजमध्ये.

२८ नोव्हेंबर, सोमवार

रात्रभर विचार केला. हरलेलं काही नाही. सिद्धांत शाबूत आहे, फक्त कर्ता बदलतो. प्रतिभा रोमच्या स्टुडिओत नव्हती, आउरोराच्या प्रोजेक्टरच्या खोलीत होती. एका अशिक्षित कामगाराच्या हातून इतिहासाने श्रीमंतांचा काळ तोडला. हे तर जास्त क्रांतिकारक आहे. दुसरी आवृत्ती काढतो. प्रस्तावनेत एर्मेस. त्याची मुलाखत घ्यायला हवी: त्या क्षणी मनात नेमकं काय होतं?

२९ नोव्हेंबर, मंगळवार

एर्मेसकडे गेलो, वही घेऊन. डिर्चेही आली; चेस्टनटची पिशवी परत द्यायची होती.

विचारलं, एर्मेस, काउंटेस मेल्यानंतर दिवाणखान्यात आली, त्या क्षणी तुला काय वाटलं?

म्हणाला, मी बघत नव्हतो. रेडिओवर मुष्टियुद्ध चालू होतं.

मी म्हटलं, पण नंतर, लोकांची प्रतिक्रिया? ते सगळे शिट्ट्या मारत होते. मला स्पष्ट आठवतं. सहावं प्रकरण संपूर्ण त्यावर आहे, 'जखमी मध्यमवर्गाची शिट्टी'.

म्हणाला, ते मला शिट्ट्या मारत होते, प्रोफेसर. ओरडत होते, एर्मेस, पिझ्झा उलटा लागलाय. दुसऱ्या दिवशी मालकाने माझे कान उपटले.

मी डिर्चेकडे बघितलं. ती त्या संध्याकाळी माझ्या मागच्या रांगेत होती. तिथेच आमची ओळख झाली. मी विचारलं, तुला माहीत होतं?

म्हणाली, बाहेर पडताना तुला सांगितलं की. तू म्हणालास, सिनेमा कळायला डोकं लागतं. मग मी म्हटलं, जाऊ दे, दिसायला बरा आहे.

मी वही मिटली. एर्मेसला म्हटलं, म्हणजे थिएटरात एकशे चाळीस माणसं होती आणि चूक सगळ्यांना कळली होती.

एकशे एकोणचाळीस, डिर्चे म्हणाली.